विसाव्या मिनिटाला पेंगणारा पीसी

आमच्याकडे इंदूरला एप्रिल-मे म्हणजे मुंजी आणि लग्नं. नेमकी त्याच दिवसांत आमच्या एडिटिंगच्या पीसीला पेंग येते, हा माझा दोन वर्षं चाललेला विनोद होता. तिसऱ्या वर्षी रामबागेतल्या एका मुंजीचे १,१४० फोटो द्यायची तारीख डोक्यावर आली. मशीन रात्री अकरालाही पेंगत होतं आणि विनोद ऐकायला घरात कोणी जागं नव्हतं. त्या रात्री कॅबिनेट उघडलं.

दुखणं असं होतं. लाइटरूममध्ये (फोटो निवडायची-सुधारायची प्रणाली) एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फोटोंच्या फाइली बाहेर काढायचं काम, लावलं की पहिली पंधरा-वीस मिनिटं काम सुसाट. मग माउस हलतो, पण स्लायडर हाताच्या मागून फरफटत येतो. फोटोशॉपमध्ये ब्रश फिरवावा तर रेघ दोन सेकंदांनी उमटते. मिनिटभर असं, मग आपोआप ठीक, मग पुन्हा तेच. डिसेंबरात याच मशीनवर जे काम २६ मिनिटांत उरकतं, ते मेमध्ये तासाला टेकतं. माझा भाचा माझ्याबरोबर एडिटिंगला बसतो. "मामा, परत अटकलं" हे त्याचं वाक्य मला झोपेतही ऐकू यायला लागलं होतं.

दोन वर्षांत उपाय कमी केले नाहीत. जिथून मशीन जोडून घेतलं होतं तिथं फोन केला की उत्तर ठरलेलं, "भिया, रॅम बढ़ा लो." रॅम १६ जीबीची ३२ केली. विंडोज दोनदा नव्याने टाकलं. जुनी एसएसडी काढून नवी लावली. दर वेळी हे सगळं पावसाळ्याच्या तोंडावर झालं, त्यामुळे दर वेळी गुण आल्यासारखा वाटला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत आम्ही खूश. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि वर पाऊस पडला तर श्रेय बंबाला.

मशीन काय होतं ते सांगतो, कारण गोम तिथेच आहे. प्रोसेसर इंटेलचा आय७-१२७००, म्हणजे १२ कोअरचा तगडा गडी. बोर्ड, म्हणजे ज्यावर प्रोसेसर, रॅम सगळं बसतं तो मदरबोर्ड, मात्र एच६१० चिपसेटचा (बोर्डावर काय काय जोडता येईल ते ठरवणारी चिप), ६,५०० रुपयांचा. प्रोसेसरची किंमत बोर्डाच्या चौपटीहून जास्त. घेताना हा हिशेब मला फार हुशारीचा वाटला होता. फोटो प्रोसेसर बनवतो, बोर्ड म्हणजे नुसती पाटी, तिच्यावर पैसे कशाला घालवायचे?

आधी बोर्डाला निर्दोष धरा

तुमचंही मशीन अटकत असेल तर बोर्ड बदलायला पळू नका. दहातल्या आठांचं दुखणं बोर्डाबाहेर असतं, असं माझं मत. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि काम करता करता तिथं लक्ष ठेवा.

मेमरीचा आलेख छताला टेकलाय आणि त्याच वेळी डिस्क १०० टक्क्यांवर, तर रॅम कमी पडतेय. हे गणित एकदा हातानेच करून बघा. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीचा, एक फोटो घ्या. राजवाड्यासमोर गुलालाचा ढग, त्यात माणसांची डोकी, सगळ्यांची कातडी गुलाबी. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. हा फोटो फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये उघडला की दर पिक्सेलला तीन रंग, दर रंगाला दोन बाइट, म्हणजे एक थर १४४ एमबीचा. गुलाल वेगळा, चेहरे वेगळे, मागचा वाडा वेगळा असे सहा थर केले की साडेआठशे एमबी झाले, आणि फोटोशॉप मागच्या पायऱ्या लक्षात ठेवतं ते निराळंच. शेजारी लाइटरूम उघडं, क्रोममध्ये दहा टॅब. ८ जीबीत हे बसतच नाही, १६ जीबीत दाटीवाटीने बसतं, ३२ जीबीत ऐसपैस बसतं. जागा संपली की फोटोशॉप एसएसडीवर पसरतं आणि आपल्याला वाटतं की मशीन हँग झालं.

त्याच पानावर मेमरीचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही लिहिलेलं असतं. ३२०० ची रॅम घेतली आणि तिथं २१३३ किंवा २६६६ दिसतंय, तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सोय, सुरू करायचं राहिलंय. १६ जीबीची एकच पट्टी लावली असेल तर रॅमचा निम्मा रस्ता बंद आहे. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहते, जोडी लावली की ५१.२. ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक फार बोचतो, कारण प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं. आणि चार स्लॉटच्या बोर्डावर जोडी लावताना प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट घ्यायचा. शेजारी-शेजारी लावलेल्या पट्ट्या मी चांगल्या चांगल्या स्टुडिओंत पाहिल्यात.

लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) आणि प्रिव्ह्यू हार्ड डिस्कवर असतील तर एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना चक्र फिरणारच. ते एसएसडीवर घ्या, कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइली खुशाल हार्ड डिस्कवर राहू द्या.

फक्त एआय डीनॉइजच (फोटोतले दाणे काढायची सोय) रखडत असेल तर तो प्रोसेसरचा किंवा बोर्डाचा प्रश्नच नाही. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम क्लासिकच्या १२.३ आवृत्तीत ते आलं आणि ते जवळजवळ सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) रात्रभर चालतात, आयएसओ, म्हणजे अंधारात वाढवावी लागणारी कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ६४०० च्या खाली उतरत नाही. ते फोटो साफ करायला कार्डाशिवाय बसलात तर एकेका फोटोला काही मिनिटं मोजावी लागतील. तिथं बोर्डावरचे पैसे वाचवून कार्डात घाला.

अजून एक फसवं लक्षण. मॉनिटर ४के असेल आणि माउसच झटके देत चालत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. काही स्वस्त बोर्डांवरचा एचडीएमआय जुना, १.४ चा असतो आणि तो ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच दाखवतो. मशीन धडधाकट, पण सगळं हळू वाटतं. त्याच बोर्डावर डिस्प्ले पोर्ट असेल तर केबल बदलून प्रश्न सुटतो.

प्रोसेसर थंड आहे, तरी पळत नाही

यातलं एकही आमचं नव्हतं. रॅम निम्मी मोकळी, डिस्क शांत. पण टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग ४.४ गिगाहर्ट्झवरून थेट १.१ वर. मिनिटभराने परत ४.४, मग परत १.१. कोणी झोपाळ्यावर बसलंय असा आलेख.

पहिला संशय उष्णतेचा. एचडब्ल्यूइन्फो नावाची फुकटातली प्रणाली आहे, ती लावली. प्रोसेसरचं तापमान ७१ अंश. या जातीच्या प्रोसेसरला ७१ म्हणजे काहीच नाही, तो शंभरीपर्यंत तग धरतो. मग थंड प्रोसेसर का झोपतोय? खाली खाली सरकत गेलो तेव्हा एक ओळ दिसली, 'व्हीआर थर्मल अलर्ट', आणि तिच्यापुढे 'येस'.

व्हीआर म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर. बोलीभाषेत व्हीआरएम. पॉवर सप्लाय बोर्डाला १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. मधलं रूपांतर बोर्डावर, प्रोसेसरच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला बसलेले मॉसफेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे तुकडे) आणि त्यांच्या शेजारचे चौकोनी चोक (तारेची वेटोळी) करतात. प्रोसेसर १२० वॅट ओढत असेल तर या कडेने १०० अँपियरच्या घरात प्रवाह जातो. घरातल्या गीझरचा एमसीबी २० अँपियरवर पडतो, हे आठवा म्हणजे अंदाज येईल. यातला दहावा-आठवा भाग उष्णतेत जातो आणि तो हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चार-सहा तुकड्यांतून बाहेर पडतो. महागड्या बोर्डावर या तुकड्यांवर ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवलेले असतात. आमच्या बोर्डावर ते उघडे होते. ते पोळायला लागले की बोर्ड प्रोसेसरला सांगतो, हळू घे बाबा, माझा जीव जातोय. प्रोसेसर हळू घेतो. तुकडे निवतात. प्रोसेसर परत उड्या मारतो.

आमची एडिटिंगची खोली गच्चीच्या स्लॅबखाली आहे. बाहेर ४१ अंश असताना ती रात्री बारापर्यंत भट्टी असते. डिसेंबरात त्या तुकड्यांना जो थंडावा फुकट मिळत होता तो मेमध्ये मिळत नव्हता, एवढाच काय तो ऋतूंचा फरक.

खात्री कशी केली ते सांगतो, कारण ही चाचणी कोणालाही जमेल. आईच्या खोलीतला टेबलफॅन आणला. कॅबिनेटचं डावीकडचं झाकण काढून मशीन आडवं केलं. एक्स्पोर्ट लावलं, विसाव्या मिनिटाला वेग १.१ वर आला तेव्हा फॅन थेट त्या मॉसफेटच्या रांगेवर सोडला. प्रोसेसरच्या तापमानात तीन-चार अंशांचा फरक पडला असेल, पण वेग चाळीस सेकंदांत ४.४ वर गेला आणि तिथेच राहिला. फॅन बंद केला, सहा मिनिटांत परत झोपाळा. पुन्हा सुरू केला, पुन्हा सुसाट. हे तीनदा करून बघितलं. भाचा पलंगावरून म्हणाला, "मामा, आता फोटो करूया का?"

इथं एक फरक नीट लक्षात घ्या. लांब कामात प्रोसेसरचा वेग पहिल्या मिनिटाभरात थोडा उतरून एका पातळीवर स्थिर झाला, तर तो आजार नाही. इंटेलच्या प्रोसेसरला दोन मर्यादा असतात, थोडा वेळ उसळी मारायची एक आणि लांब पल्ल्याची दुसरी. १२७०० ला उसळीत १८० वॅट चालतात, लांब पल्ल्याला ६५. आय५-१२४०० ला हेच आकडे ११७ आणि ६५. तेव्हा वेग लवकर उतरून सपाट झाला तर ती ठरवून घातलेली मर्यादा. उशिरा उतरून वर-खाली होत राहिला आणि प्रोसेसर थंड असला, तर बोट व्हीआरएमकडे.

दुखणं आम्हीच वाढवलं होतं

मग प्रश्न उरला की पहिल्या उन्हाळ्यात हे का नव्हतं? मशीन २०२२ मध्ये जोडलं, तो मे बिनबोभाट गेला होता.

उत्तर कॅबिनेटमध्येच उभं होतं. प्रोसेसरबरोबर डब्यात आलेला पंखा आवाज करायचा, म्हणून त्या हिवाळ्यात भाच्याने टॉवर कूलर बसवला. छान, उंच, शांत. पण डब्यातला पंखा हवा खाली बोर्डावर फेकतो, आणि ती हवा जाता जाता मॉसफेटनाही लागते. टॉवर कूलर हवा आडवी, मागच्या जाळीकडे नेतो. प्रोसेसर गार झाला आणि शेजाऱ्यांची हवा तुटली. दुसरी गोष्ट आणखी मजेची. काही बोर्डांच्या बायोसमध्ये कूलर कोणता, असा प्रश्न असतो. डब्यातला, टॉवर, की पाण्याचा. भाच्याने प्रामाणिकपणे 'टॉवर' निवडलं. ते निवडलं की बोर्ड ६५ वॅटची लांब पल्ल्याची मर्यादा उठवतो, हे आम्हा दोघांच्याही गावी नव्हतं. म्हणजे मॉसफेटवरची हवा काढली आणि त्याच दिवशी त्यांच्यावरचा बोजा दुप्पट केला.

तुमच्याकडे हाच प्रकार असेल आणि सध्या पैसे नसतील तर बोर्ड बदलू नका. बायोसमध्ये जाऊन लांब पल्ल्याची मर्यादा ६५ ते ९० वॅटच्या मध्ये बांधा. एक ९२ किंवा १२० मिलिमीटरचा पंखा कॅबिनेटच्या छताला असा लावा की हवा मॉसफेटच्या रांगेवर पडेल. आम्ही त्या रात्री ७५ वॅट ठेवले. वेग साडेतीनच्या आसपास स्थिर राहिला आणि मुंजीचं काम ३१ मिनिटांत झालं. तासाच्या मानाने ३१. काही खर्च नाही.

तेवढ्यावर थांबता आलं असतं, खरं तर. पण रॅमचे दोन्ही स्लॉट भरलेले, दुसऱ्या एसएसडीला जागा नाही, मागचे यूएसबी कमी. त्यामुळे जूनमध्ये, हंगाम संपल्यावर, बोर्ड घेतलाच.

बोर्ड निवडताना पैसे कुठे घालायचे

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. चांगला बोर्ड फोटो लवकर बनवत नाही. १४,००० चा आणि ३०,००० चा बोर्ड, बाकी सगळं तेच, तर एक्स्पोर्टच्या वेळेत घड्याळात दिसेल असा फरक नाही. वाईट बोर्ड मात्र चांगल्या प्रोसेसरला खाली ओढतो. म्हणून बोर्ड घेताना पायरी शोधायची, जिच्या खाली उतरलं की अडखळायला होतं. तिच्या वर चढण्यात फोटोवाल्याचा फायदा नाही.

माझी पायरी पहिल्यांदा व्हीआरएमवर ठरते. दुकानात बॉक्स उघडायला लावा, किंवा निदान कंपनीच्या संकेतस्थळावरचा बोर्डाचा मोठा फोटो बघा. प्रोसेसरच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना, निदान डाव्या बाजूला, धातूचा ठोकळा हवा. प्लॅस्टिकचं झाकण नव्हे, स्क्रूने घट्ट बसलेला धातू. किती फेज (व्हीआरएमचे समांतर भाग) आहेत याचे बॉक्सवरचे आकडे मी फारसे मनावर घेत नाही, ते मोजायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ठोकळा आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं.

पण हे प्रोसेसरच्या जोडीने बघायचं. आय३-१२१०० किंवा आय५-१२४०० घेणार असाल तर ठोकळा नसलेला एच६१०सुद्धा निमूट चालेल, फक्त मर्यादा ६५ वर राहू द्या आणि डब्यातला पंखा काढू नका. चिपसेटमध्ये खोट नाही, लग्न विजोड झालं तर भांडण होणारच. आय७ आणि त्याच्या पुढचं काही घ्यायचं असेल तर एच६१० च्या वरच्या पायरीचा बी६६० किंवा बी७६०, ठोकळ्यासह. झेड मालिकेचा बोर्ड ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यासाठी, असतो. मुंजीच्या अल्बमला त्याची गरज मला अजून कोणी पटवून दिलेली नाही.

रॅमचे स्लॉट. एच६१० वर जास्तीत जास्त दोनच येतात, तो चिपसेटचाच नियम आहे. आम्ही सुरुवातीला ८-८ घेतले, वाढवायची वेळ आली तेव्हा दोन्ही मिळेल त्या भावात विकून १६-१६ घ्यावे लागले. दोन स्लॉटचा बोर्ड घ्याल तर पहिल्याच दिवशी १६-१६ लावा. डीडीआर५ च्या, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या नव्या जातीच्या रॅमच्या, बोर्डावर चार स्लॉट असले तरी चारही भरू नका, वेग बराच खाली येतो. तिथं मोठी जोडीच बरी. १२व्या ते १४व्या पिढीच्या इंटेलसाठी डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही बोर्ड मिळतात, जवळजवळ एकाच नावाचे, शेवट तेवढा वेगळा. बिल करण्याआधी तो शेवट वाचा. घरात चांगली डीडीआर४ असेल तर ती टाकून डीडीआर५ वर जाण्याइतका फायदा फोटोंच्या कामात नाही. मी डीडीआर४ चाच बी७६० घेतला, चार स्लॉट, ११,००० च्या आत.

एम.२ ची खाच, म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा. एच६१० वर ती पीसीआयई (बोर्डावरचा वेगवान रस्ता) ३.० ची मिळते, बी६६०-बी७६० वर ४.०. कागदावर सेकंदाला ३,५०० आणि ७,००० एमबी असा फरक दिसतो, लाइटरूममध्ये तो हाताला लागत नाही. साटाची (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी ५५० च्या आसपास जाते, तिच्यावरून यावर आलात तर लागेल. म्हणून ३.० की ४.० यावर भांडू नका, खाचा दोन आहेत का ते बघा. एकीत विंडोज आणि कॅटलॉग, दुसरीत चालू हंगामाच्या रॉ फाइली. दुसरी खाच पूर्ण चार मार्गांची आहे की दोन-एक मार्गांची, हे माहितीच्या पानावर बारीक अक्षरात असतं.

मागच्या बाजूचे पोर्ट मोजा. हे कोणी बघत नाही आणि रोज छळतं. कार्ड रीडर यूएसबी २.० च्या काळ्या पोर्टात खोचला की सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जात नाही, म्हणजे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला अर्धा तास. लग्नाहून रात्री दीडला आल्यावर तो अर्धा तास फार मोठा असतो. निदान चार तरी यूएसबी ३ हवेत. आमच्या जुन्या बोर्डावर दोन होते, एकात टॅब्लेट, एकात बॅकअपची डिस्क, आणि कार्ड रीडर काळ्यात. तीन वर्षं.

ग्राफिक्स कार्ड लगेच घेणार नसाल तर नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेलचा प्रोसेसर घेऊ नका, त्याच्या पोटात ग्राफिक्स नसतं आणि बोर्डावरचे डिस्प्लेचे पोर्ट शोभेचे राहतात.

एएमडीच्या, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या, बाजूने जाणाऱ्यांना थोडक्यात. जुनं एएम४ (त्यांच्या प्रोसेसरच्या खाचेची जात) अजून स्वस्तात मस्त पडतं. त्यात बी५५० चिपसेटचा बोर्ड घ्या. ए५२० वर सगळं पीसीआयई ३.० च मिळतं, तेही फोटोंना पुरतं, पण तिथले बरेच बोर्ड ठोकळ्याविना येतात. जुन्या बी४५० वर ५००० मालिकेचा रायझन लावायचा तर बायोस नवं हवं, नाहीतर स्क्रीन काळीच राहते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर डीडीआर५ शिवाय पर्याय नाही, पण पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल ही तिथली खरी कमाई. दोन-चार वर्षांनी मशीन वाढवायचं मनात असेल तर मी तिकडेच जाईन.

बायोसची गोष्ट इंटेललाही लागू. १२व्या पिढीबरोबर आलेला बी६६० तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या बायोसवर ओळखत नाही. आणि तेराव्या-चौदाव्या पिढीतले मोठे प्रोसेसर जास्त व्होल्टेजने खराब होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्यावरचं मायक्रोकोड, म्हणजे बायोसबरोबर येणारी प्रोसेसरची दुरुस्ती, त्या वर्षापासून टप्प्याटप्प्याने आलं. तसा प्रोसेसर असेल आणि फोटोशॉप विनाकारण बंद पडत असेल तर बायोसची तारीख आधी बघा.

वायफाय, रंगीत दिवे, 'गेमिंग'चं नाव, पीसीआयई ५.०, यांना माझ्याकडून शून्य गुण. वायफायला स्वस्त डोंगल मिळतं.

सेकंडहँड घ्यायचा असेल तर

आरएनटी मार्गावर, सिल्व्हर मॉलच्या आजूबाजूला फिरलात तर वापरलेले बोर्ड निम्म्या भावात मिळतात आणि त्यातले बरेच चांगले असतात. मीही आधी एक बघायला गेलो होतो. इंटेलच्या या बोर्डांत टाचण्या प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या खाचेत असतात. १,७०० टाचण्या, केसाएवढ्या. एक वाकली तरी रॅमचा एक रस्ता बंद पडू शकतो, आणि वाकलेल्या टाचणीला वॉरंटी नाही.

आपण फोटोवाले आहोत, त्याचा फायदा घ्या. मी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेऊन गेलो. काउंटरवर बोर्ड ठेवला, मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी तिरपा धरला आणि खाचेचे चार कोपरे काढले. सरळ टाचण्यांवर तिरपा उजेड पडला की शेतातल्या सऱ्यांसारख्या चकाकत्या रांगा दिसतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून बघितलं तर खालच्या उजव्या कोपऱ्यात एका रांगेत अंधाराचा ठिपका. दोन टाचण्या एकमेकींना टेकलेल्या. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीही दिसत नव्हतं. दुकानदारानेही पडद्यावर बघितलं, "अरे भिया, यह तो हमको भी नहीं पता था" म्हणाला, आणि चहा मागवला. बोर्ड मी घेतला नाही. नवा घेतला, तीन वर्षांच्या वॉरंटीसह, पक्क्या बिलावर. १८ टक्के जीएसटी टाळून कच्च्या चिठ्ठीवर बोर्ड घेणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की वॉरंटीला तारीख कुठली दाखवणार?

नव्या बोर्डाने दिलेला एक धक्का

बोर्ड बसला, सगळं चाललं, मी दुसरी एसएसडी खाली दुसऱ्या खाचेत लावली आणि २०१९ ते २०२१ ची लग्नं गायब झाली. हार्ड डिस्कच दिसेना. घाम फुटला. केबल बदलली, पॉवरची तार बदलली. शेवटी बॉक्समधलं पुस्तक काढलं, जे आपण कधीच वाचत नाही. पान सतरावर एक ओळ होती, दुसऱ्या एम.२ मध्ये साटा जातीची एसएसडी लावल्यास साटाचा दुसरा पोर्ट बंद होतो. माझी जुनी एसएसडी नेमकी तशीच होती, दिसायला एम.२ पण आतून साटा. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टातून काढून तिसऱ्यात लावली. लग्नं परत आली. अशी वाटणी बऱ्याच बोर्डांत असते, पोर्टांचे क्रमांक तेवढे वेगळे. डिस्क मेली असं समजून डेटा रिकव्हरीवाल्याकडे धावण्याआधी हे पान बघा.

जुना एच६१० मी विकला नाही. त्यावर एक आय३-१२१०० बसवला, डब्यातल्या खाली हवा फेकणाऱ्या पंख्यासह, आणि आता अल्बमची पानं लावायचं काम भाचा त्यावर करतो. गच्चीखालच्याच खोलीत, भर मेमध्ये. एकदाही पेंगलेला नाही.

मोठ्या मशीनवर परवा ९८० फोटो लावले होते. बाहेर ४२, व्हीआरएम ७८, वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका रेषेत. २४ मिनिटं. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "झालं असेल तर माझा पंखा द्या आता. दोन वर्षं झाली."